लांब हाताचा हिशेब

जालन्याला 'सोन्याचा पाळणा' म्हणण्याची जुनी रीत आहे. हा पाळणा कोणी हलवला, असे विचारले की व्यापारी, बियाणेवाले, स्टीलवाले यांची नावे निघतात. हमालाचे नाव सहसा निघत नाही. मोंढ्यातले धान्य असो की जिनिंगमधला कापूस, गावाची दौलत आधी कोणाच्या तरी पाठीवरून गेली आहे. कापसाची दाबलेली एक गाठ साधारण १७० किलोची. एकट्याने उचलण्याचे ते ओझेच नव्हे.

अशा ओझ्यांसाठी टेलिस्कोपिक फोर्कलिफ्ट नावाचे यंत्र आहे. नेहमीच्या फोर्कलिफ्टचा खांब उभा, चाके लहान. तिला गुळगुळीत फरशी लागते. पावसाळ्यात आपल्या आवारांची काय दशा होते, हे वाचकांना सांगायला नको. या दुसऱ्या यंत्राची चाके ट्रॅक्टरसारखी मोठी, आणि उभ्या खांबाऐवजी मागच्या बाजूला बिजागरीवर बसवलेला एक लांब हात. जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल आठवा. तशाच एकात एक बसणाऱ्या पोलादी पेट्या तेलाच्या दाबाने बाहेर सरकतात. हात वर गेला तरी पुढचे काटे आडवेच राहतात, म्हणून माल घसरत नाही. काटे काढून बादली किंवा आकडा लावता येतो. ट्रकच्या एकाच बाजूला उभे राहून पलीकडचा माल ठेवणे, गाठींची उंच थप्पी रचणे, बांधकामावर वरच्या मजल्यावर विटा पोचवणे, ही याची खरी कामे.

मात्र या लांब हाताला मर्यादा आहे. पाण्याची भरली बादली अंगाजवळ धरा, मग हात लांब करून धरा. फरक लगेच कळेल. यंत्राचेही तसेच. पुढचा आस हा तराजूचा काटा. हात जितका पुढे, तितके यंत्र पुढे कलंडू पाहते. जवळ तीन-साडेतीन टन पेलणारे यंत्र हात पूर्ण लांबवल्यावर टनभरही पेलेल याची खात्री नसते. किती अंतरावर किती वजन, याचा तक्ता चालकापुढे लावलेला असतो. बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी उमर गेली, त्यामुळे हा तक्ता मला ओळखीचा वाटतो. माणसाची ऐपतही हात पसरेल तशी कमी होत जाते.

आता खरा प्रश्न. यंत्र आले की हमालाचे काय? एकट्या पुरुषाने वाहायचे ओझे ५५ किलोंपर्यंत खाली आणावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केली. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा करून हमालाच्या मजुरीला आणि भविष्य निर्वाह निधीला आधार दिला. त्याची पाठ वाचवणारे यंत्र नाकारणे शहाणपणाचे नाही. पण पाठ वाचली आणि चूल विझली, तर त्याला प्रगती कोणी म्हणावे?

माझे म्हणणे साधे आहे. थप्पी कुठे कलते, गाठ कुठून धरायची, हे हमालाइतके कोणाला कळत नाही. चालकाच्या जागेवर पहिला हक्क त्याचा असावा. त्याला रीतसर शिकवावे, वजनाचा तक्ता मराठीत लावावा, आणि हमालांची सहकारी संस्था यंत्र घेऊ म्हणाली तर बँकेने तिला दारातून परत पाठवू नये. यंत्राच्या कर्जाच्या अर्जात किंमत, तारण, हप्ते सगळे विचारले जाते. 'चालवणार कोण?' हाही एक रकाना त्यात असायला हवा.