थंडीत आखडलेले रबर

भगिनींनो, कुकरची रबरी रिंग कडक झाली की वाफ बाजूने निसटते, हे तुम्हाला सांगायला नको. अशाच एका रिंगपायी सात माणसे गेली.

अमेरिकेचे स्पेस शटल १९८१ मध्ये प्रथम उडाले. माणसे घेऊन अंतराळात जायचे, विमानासारखे उतरायचे, पुन्हा उडायचे. त्याच्या बाजूचे दोन अग्निबाण तुकडे जोडून केलेले. सांध्यांत रबरी रिंगा. २८ जानेवारी १९८६ ला ‘चॅलेंजर’ निघणार होते. आदल्या रात्री फ्लोरिडात कडाक्याची थंडी. अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीतील रॉजर बॉइजोली व इतर इंजिनिअरांनी बजावले की थंडीत रबर आखडते, उड्डाण थांबवा. वरच्या साहेबांनी ऐकले नाही. (कारखान्यात राबणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.) सांध्यातून आग निसटली आणि ७३ व्या सेकंदाला यानाचे तुकडे झाले. त्यात क्रिस्टा मॅकऑलिफ ही शिक्षिका होती. तिच्या शाळेतील मुले टीव्हीवर पाहत होती.

चौकशीत शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रबराचा तुकडा दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. सोडला तरी तो लगेच पूर्ववत होईना.

२००३ मध्ये ‘कोलंबिया’ परतताना मोडले. कल्पना चावलांसह सात जण गेले. उड्डाणावेळी पंखावर फोमचा तुकडा आदळला होता. इंजिनिअरांनी अंतराळातच यानाचे फोटो घ्या म्हणून विनवले होते. ते घेतलेच नाहीत.