नाही म्हणायला सोबत लागते

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर, राजुरा, कोरपना या सिमेंटच्या पट्ट्यात सतरा-अठरा वर्षांच्या पोराला खर्रा नाकारणं वाटतं तितकं सोपं नाही. ठेलेवाला सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घेऊन पाटीवर घोटून देतो, ती पुडी चौघांत फिरते आणि तिच्यासोबत शिफ्टच्या गप्पा, कामाची खबर, मैत्री सगळंच फिरतं. पुडी नाकारणाऱ्याने घोळकाच नाकारला असं मानलं जातं. मग आग्रह, टोमणे आणि शेवटी एक चिमूट. त्याच घोळक्यात एखादा मुलगा ‘मी सेवक आहे’ एवढंच म्हणतो आणि पुडी त्याला वगळून पुढे जाते. कोणी खोदून विचारत नाही. परमात्मा एक मार्ग पाळणारे स्वतःला सेवक म्हणवतात. त्यांच्या घरांमधली ही मुलं बाहेरच्या माणसाच्या नजरेत भरतात ती यामुळे. त्यांचं मनोबल इतरांपेक्षा मोठं असतं असं समजायचं कारण नाही. त्यांच्या नकारामागे एक अख्खा समाज उभा असतो. तरुणांच्या व्यसनाची काळजी वाहणाऱ्या प्रत्येकाने, त्या मार्गावर श्रद्धा असो वा नसो, ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे असं माझं म्हणणं आहे.

हा मार्ग दाखवला बाबा जुमदेवजी यांनी. १९२१ साली नागपुरात एका विणकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि १९९६ साली त्यांचं निधन झालं. नागपुरातून निघालेली ही शिकवण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली करत मध्य प्रदेशात बालाघाटपर्यंत पोचली. चार तत्त्वं, तीन शब्द, पाच नियम अशी तिची आटोपशीर बांधणी आहे. सत्य, मर्यादा, प्रेम हे ते तीन शब्द. परमेश्वर एकच मानायचा, दारू, जुगार, सट्टा सोडायचा, घरात आणि शेजारात एकी ठेवायची, कुटुंब मर्यादित ठेवायचं, हे नियम शाळा न शिकलेल्या माणसालाही तोंडपाठ होतात. या मार्गात माणूस सहसा एकटा येत नाही. दुखण्याने, कर्जाने किंवा दारूने पिचलेलं घरच्या घर येतं, म्हणून बापाने सोडलेली बाटली मुलालाही माहीत असते आणि सुनेलाही. पुढे मार्गदर्शक विचारपूस करतो, चर्चाबैठक भरते, तिथे बायकाही बोलतात आणि लहान मुलंही उभी राहून चार शब्द सांगतात. ज्या पोराने दहाव्या वर्षी भरल्या बैठकीत तोंड उघडलं, त्याला अठराव्या वर्षी ठेल्यावर ‘नाही’ म्हणायला शब्द शोधावे लागत नाहीत.

अमेरिकेतल्या मॉर्मन समाजाकडे पाहिलं की हीच रीत मोठ्या प्रमाणावर दिसते. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने हा पंथ स्थापला. दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य करणारा नियम १८३३ चा. छळ सोसत हे लोक १८४७ मध्ये युटाच्या खोऱ्यात पोचले. त्यांच्या तरुणांबद्दल बाहेरच्यांच्या ध्यानात राहतात ते पांढरे सदरे आणि आदबशीर बोलणं. खरी गोष्ट त्याच्या मागे आहे. शाळकरी वयात चार वर्षं रोजचा धर्मवर्ग असतो, अनेक ठिकाणी तो शाळेच्या आधी भल्या पहाटे भरतो. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा दोन वर्षं प्रचारसेवेला जातो, मुलगी दीड वर्ष. कुठे जायचं हे पंथ ठरवतो, खर्च बहुतांशी स्वतःच्या नाहीतर घरच्या बचतीतून होतो, आणि तिथे एकटं राहायचं नसतं, नेमून दिलेला जोडीदार कायम सोबत असतो. ख्रिश्चन स्मिथ या समाजशास्त्रज्ञाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी किशोरवयीनांच्या मोठ्या अभ्यासात आपली श्रद्धा स्वतःच्या शब्दांत मांडण्यात आणि आचरणात आणण्यात मॉर्मन मुलं इतर बहुतेक पंथांच्या मुलांपेक्षा पुढे होती. याचं श्रेय एकट्या मनाईला देता येणार नाही. मनाई सगळेच धर्म करतात. इथे मुलावर कोवळ्या वयात खरं काम सोपवलं जातं आणि ते करताना त्याला एकटं सोडलं जात नाही.

एकट्या मनाईचा प्रयोग आपल्या जिल्ह्याने केलेला आहे. डिसेंबर २०१० मध्ये बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या, तेव्हा कुठे दारूबंदीची मागणी सरकारच्या कानी पडली. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदीच्या काळातली चोरटी दारू हे उठवण्याचं एक कारण सांगितलं गेलं. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, तरीही २०१६ पासून तिथे ‘मुक्तिपथ’सारखं व्यसनमुक्तीचं अभियान गावोगाव चालवावं लागतं आहे. कायदा नको असा याचा अर्थ मुळीच नाही. त्या बायकांची मागणी रास्त होती. पण कायदा दुकान बंद करतो, संध्याकाळी सहानंतर पोरांनी कुठे बसायचं, कोणाबरोबर बसायचं, हे तो सांगू शकत नाही. ती जागा कोणीतरी भरायला लागते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की ही संगत भीतीवर चालते. नियम मोडला तर गेलेलं दुःख परत येईल ही धास्ती सेवकांच्या काही घरांत असते, आणि धास्तीने पाळलेला नियम म्हणजे मुलाची स्वतःची निवड नव्हे. मॉर्मन समाजात तर याची किंमत उघड दिसते. कृष्णवर्णीय पुरुषांना त्यांनी १९७८ पर्यंत पुरोहितपद दिलं नाही, स्त्रियांना आजही देत नाहीत. समलिंगी मुलामुलींची घुसमट होते. पंथाबाहेरच्या आईबापांना मंदिरात होणाऱ्या पोटच्या लेकराच्या लग्नविधीलाही आत जाता येत नाही. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. जो समाज प्रश्न विचारणाऱ्या मुलाला घराबाहेर काढतो, त्याने त्याची दारू सोडवली म्हणून तो माफ होत नाही. पण भीती आणि सोबत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठेल्यावरच्या घोळक्यातही भीतीच असते, एकटं पडण्याची. त्या भीतीने पोरगा खर्रा तोंडात टाकतो त्याला आपण त्याची मोकळी निवड म्हणतो, आणि सेवकाच्या पोराने नकार दिला की त्याच्यावर दडपण आहे म्हणतो, हा न्याय बरोबर नाही. संगत असावी की नसावी हा प्रश्नच नाही, ती असतेच. कोणती असावी आणि तिला बाहेर जाण्याचं दार आहे का, हे पाहायचं.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. ठेकेदारीत राबणाऱ्या, उद्या काम मिळेल की नाही याची खात्री नसलेल्या तरुणाला संयम शिकवणं म्हणजे त्याच्या खऱ्या दुखण्याकडे डोळेझाक करणं. पक्की नोकरी, रास्त मजुरी आणि धुळीपासून बचाव यांची जागा कोणतीही बैठक घेऊ शकत नाही, हे खरंच आहे. पण पगार वाढला म्हणून व्यसन घटत नाही. मजुरी घरी पोचण्याआधी किती कापली जाते हे कामगाराच्या बायकोला विचारावं. आणि हक्कासाठी उभं राहायलाही दर आठवड्याला एकत्र बसणारी, एकमेकांचा शब्द पाळणारी माणसंच लागतात.

अशी संगत धर्मांतर न करता, कोणाच्या श्रद्धेला हात न लावता उभी राहू शकते, आणि तिचा पाया आपल्याकडे आधीच घातलेला आहे. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभारला. त्यांच्या भजनांनी पेटलेल्या चिमूरने १९४२ च्या लढ्यात उडी घेतली. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला कोणत्याही धर्माचा, कोणत्याही जातीचा माणूस येऊन बसू शकतो आणि उठूनही जाऊ शकतो. त्यांच्या विचारांवर चालणारी गुरुदेव सेवा मंडळं आजही या भागात आहेत, पण बहुतेक ठिकाणी माईक आणि कारभार ज्येष्ठांच्या हाती असतो आणि तरुण सतरंज्या अंथरण्यापुरते. तिथेच बदल हवा. प्रार्थना, वाचनालय, अभ्यासिका, दारूचं दुकान बंद करण्याच्या, म्हणजे आडव्या बाटलीच्या मतदानासाठी घरोघर फिरणं, दारू सोडलेल्या माणसाच्या घरी पहिले काही आठवडे रोज जाणं, ही कामं अठरा वर्षांच्या पोरापोरींच्या नावावर लिहा. हिशेब त्यांना ठेवू द्या, सभेत त्यांना बोलू द्या, चुकू द्या. एखादा चार दिवस दिसला नाही तर कोणीतरी त्याच्या घरी गेलंच पाहिजे एवढा एक नियम ठेवा. आणि ज्याला यायचं नाही, त्याच्याशी बोलणं तोडायचं नाही, हा दुसरा. नगरपरिषदेने जागा द्यावी, शिक्षकांनी वेळ द्यावा, घरच्यांनी मुलींना संध्याकाळी बाहेर पडू द्यावं. आपली पोट्टी बिघडली असं म्हणत बसण्याआधी आपण त्यांच्यावर कोणतं काम विश्वासाने सोपवलं, याचा हिशेब मोठ्यांनी द्यायला हवा.