खड्डा आधी वाचावा

कुत्रा अंगण उकरतो म्हणून कुणापाशी तक्रार करा, सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी सांगतं तिखट भुरभुरा, कुणी म्हणतं फिनेल ओता, कुणी डांबरगोळ्या पुरायला लावतं. शेजारच्या काकू फाटकाला निळ्या पाण्याची बाटली अडकवून निर्धास्त असतात. बाटलीने कुत्र्याचं काही बिघडत नाही, हाच तिचा गुण. बाकीचे उपाय अघोरी. ज्या नाकावर त्याचं सगळं जग चालतं त्यात तिखट जातं, पंजाला लागलेलं फिनेल चाटून पोटात जातं आणि डांबरगोळी गिळली तर जिवावर बेतू शकतं. एवढं करून खड्डा थांबत नाहीच, फक्त दोन हात पलीकडे सरकतो.

कारण कुत्र्याला खणण्याचं काहीतरी कारण असतं, आणि ते बहुतेकदा खड्ड्याच्या जागेवरून कळतं. आमचा मोत्या गावठी आहे आणि नागपूरचा उन्हाळा त्याच्या वाट्याला पूर्ण आलेला आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की तो कूलरचं पाणी ठिबकतं तिथली नाहीतर कढीपत्त्याच्या आळ्यातली ओली माती उकरतो आणि त्यात पोट टेकून पडतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच तो अंग निववतो. असा खड्डा उथळ आणि त्याच्याच अंगाच्या मापाचा असतो. त्यावर रागावण्यापेक्षा सावलीत भिजवलेलं पोतं आणि भरलेलं पाण्याचं भांडं ठेवावं.

खड्डा कुंपणाखाली असेल तर त्याला बाहेर जायचंय. दिवाळीतले फटाके, गल्लीत माजावर आलेली कुत्री, किंवा आत करण्यासारखं काहीच नाही, यांपैकी काहीतरी असतं. नर असेल तर नसबंदीबद्दल पशुवैद्यांशी बोलावं आणि कुंपणाच्या तळाशी कोंबडीजाळी आतल्या बाजूला वळवून जमिनीत पुरावी. भिंतीच्या कडेने, एकाच रेषेत, नाक खुपसून चाललेलं खोदकाम म्हणजे आत घूस आहे. तिथे कुत्रा गुन्हेगार नसून खबऱ्या आहे. मात्र घुशीसाठी झिंक फॉस्फाइडची गोळी टाकाल, तर ती खाऊन कुत्राही दगावू शकतो. पिंजरा लावलेला बरा.

नेमकी नवी झाडंच उपटली जात असतील तर आधी खताचं पोतं बघावं. हाडांचा चुरा किंवा मासळीचं खत मातीत मिसळायचं आणि कुत्र्याने तिकडे फिरकू नये म्हणायचं, हा न्याय नव्हे. एरंडीच्या पेंडीबाबत तर गय नकोच. तिच्यात रिसिन नावाचं जहाल विष राहिलेलं असू शकतं, आणि कुत्री ती आवडीने खातात. कुत्रं असलेल्या घरात शेणखत आणि घरचं कंपोस्ट वापरावं, तेही नीट कुजलेलं.

आणि अंगणभर, जिथे जागा मिळेल तिथे खड्डे असतील, तर कुत्रा कंटाळला आहे. ‘एवढं मोठं अंगण आहे, त्याला फिरवायला कशाला न्यायचं?’ असं पुष्कळ जण म्हणतात. पण रोज तेच चार कोपरे हुंगून त्याने करायचं काय? सकाळ-संध्याकाळ बाहेर, त्याच्या नाकाच्या वेगाने, जागोजागी थांबत फिरवलं की निम्मं खोदकाम आपसूक कमी होतं.

उरलेलं निम्मं स्वभावातलं. डॅशहुंड तर जर्मनीत बिळात शिरून शिकार करण्यासाठीच पैदा केलेली जात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये तो सोफ्याची गादी उकरतो तेव्हा वडिलोपार्जित धंदाच चालवत असतो. अशांना खणायची हक्काची जागा द्यावी. सावलीतला एक कोपरा, साधारण चार फूट लांब, तीन रुंद, दीड-दोन फूट खोल, त्यात वाळू-माती. पहिल्यांदा त्याच्या देखत खेळणं किंवा भाकरीचा तुकडा वरवर पुरायचा, मग हळूहळू खोल. मोगऱ्याशी पंजा लागला की आरडाओरडा न करता हाक मारून इकडे आणायचं आणि इथे खणलं की शाबासकी द्यायची. झाडांच्या बुंध्याशी चपटे दगड मांडायचे. संध्याकाळी ऑफिसातून येऊन, सकाळच्या खड्ड्यापाशी नेऊन फटके देण्यात काही अर्थ नाही. सकाळचं खणणं आणि आताचा मार यांची सांगड त्याला घालता येत नाही. आपण घरी आलो की मार बसतो, एवढंच तो शिकतो.

आमच्याकडे हल्ली मोत्या नेमून दिलेल्या कोपऱ्यातच खणतो. मोगरा फुलतोय, काकूंची बाटलीही जागेवर आहे. घुशी तेवढ्या अजून शिस्तीत आलेल्या नाहीत.