योगचटई घेताना

उन्हाळ्याच्या सुटीत उज्जैनला मावशीकडे होतो. पहाटे क्षिप्रेच्या रामघाटावर नवी, जाडजूड, मोरपंखी योगचटई अंथरली. अधोमुख श्वानासनात हात सटकले नि मनगट मुरगळले. चूक माझीच. रंग पाहिला, पकड पाहिली नाही! गीतेच्या सहाव्या अध्यायात कुश, अजिन, वस्त्र असे आसन सांगितले आहे खरे, पण ते स्थिर बसण्यासाठी. म्हणून मित्रहो, दुकानातच चटई पसरून तळवे दाबून पाहा. चार-पाच मिलिमीटर जाडी पुष्कळ. फार मऊ चटईवर वृक्षासनात तोल जातो. घाम ओल्या फडक्याने पुसावा, चटई वाळवावी सावलीत. मी नंतर घेतलेली रबरी चटई मावशीने मोठ्या प्रेमाने रोज माळव्याच्या उन्हात टाकली. महिन्याभरात भेगा पडल्या. मावशीला काय बोलणार? तूर्त सतरंजीवर शवासन चालू आहे.