ऑपरेशन झालं, गोळ्यांचं काय?

जुलै २०२५ मध्ये म्हैसूरच्या जयदेव हृदयरोग रुग्णालयात एकाएकी झुंबड उडाली. शेजारच्या हासन जिल्ह्यात हृदयविकाराच्या झटक्याने तरुण माणसं गेल्याच्या बातम्या आल्या आणि धडधाकट लोकही तपासणीच्या रांगेत येऊन उभे राहिले. ती धास्ती पुढे ओसरली. ज्यांना हा आजार खरोखर जडला आहे, त्यांचा खर्च मात्र जन्माचा आहे.

कर्नाटकाने काही केलंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी महिना पाच रुपयांत शस्त्रक्रियेची हमी देणारी ‘यशस्विनी’ २००३ मध्ये इथेच सुरू झाली. आज दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. दिवंगत कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाच्या ‘हृदयज्योती’ योजनेत तालुक्याच्या रुग्णालयातच रक्ताची गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन फुकट देतात. शिवाय २०१७ मध्ये केंद्राने औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणली. थोडक्यात, झटका आला त्या दिवशी गरिबाच्या पाठीशी सरकार उभं असतं.

घरी सोडल्यावर काय? रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची. झडप बदललेली असेल तर रक्ताची वारंवार तपासणी. एच. डी. कोटे तालुक्यातून म्हैसूरला यायचं तर बसभाडं लागतं आणि रुग्णाचा व सोबत्याचा, दोघांचाही रोज बुडतो. महिनाअखेरीला औषधाच्या दुकानात ‘सध्या चारच द्या’ म्हटलं की दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो. स्टेंट बसवलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणारी गोळी मध्येच सोडली, तर स्टेंटमध्येच गुठळी होण्याचा धोका असतो. मग पुन्हा झटका, पुन्हा भरती आणि सरकारच्या तिजोरीतून पुन्हा पैसे.

तरीही ही पाच लाखांची मदत भरतीपुरतीच का, याला कारण आहे. ऑपरेशन झालं की नाही, हे तपासता येतं. लाखो लोकांची औषधाची बिलं तपासायची कोणी? खोटी बिलं निघायला वेळ लागणार नाही. दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबाला कर्नाटकात ठरलेल्या खर्चाच्या फक्त तीस टक्केच मदत मिळते; पैसा वाढवायचाच तर आधी त्यांना द्या, असंही म्हणता येईल. महाराष्ट्राने महात्मा फुले योजना सगळ्यांना खुली केलीच आहे. दोन्ही मुद्दे वजनदार आहेत.

पण ते बिलं भागवण्याच्या विरोधात आहेत, गोळ्या देण्याच्या नव्हेत. मे २०२५ मध्ये राज्य सरकारने सरकारी रुग्णालयांच्या आवारातली, स्वस्त औषधं विकणारी जनऔषधी केंद्रं बंद करण्याचा आदेश काढला. कारण दिलं की या रुग्णालयांत औषधं फुकटच मिळतात. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. सरकारचा दावा तत्त्वाला धरून होता, यात शंका नाही. मात्र ‘गोळी संपली, बाहेरून घ्या’ ही चिठ्ठी हातात पडली की त्या तत्त्वाचा रुग्णाला काडीचा उपयोग नाही. स्वस्त गोळीवर विश्वास नसलेले रुग्ण आणि ठरावीक कंपनीचंच नाव लिहिणारे डॉक्टर, यांचाही वाटा या बाहेरच्या खर्चात आहेच.

म्हणून आमचं मत असं : पाच लाखांचा आकडा वाढवण्याआधी हृदयरुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम, त्याच्याच तालुक्याच्या रुग्णालयात मिळू द्या. आणि साठा संपला तर जनऔषधी केंद्रातून घेतलेल्या गोळ्यांचे पैसे सरकारने भरावेत.