जर्मनीतले घर आणि इंदूरचा नंबर

गेल्या महिन्यात ग्वाल्हेरहून एका भगिनींचे पत्र आले. त्यांचे चिरंजीव आणि सूनबाई नोकरीनिमित्त जर्मनीस जात आहेत. तिकडे गेल्यावर मोबाइलचे व घरच्या इंटरनेटचे कनेक्शन कोणते घ्यावे, याविषयी या सदरातून काही लिहावे, अशी त्यांची सूचना आहे. एखाद्या कंपनीचे नाव सांगून मोकळे व्हावे, इतके हे सोपे नाही. शिवाय आमच्या पिढीला टेलिफोन निवडण्याचा सराव तो कुठला असणार? अर्ज करावा, नंबर लागण्याची वर्षानुवर्षे वाट पाहावी, आणि तोवर ट्रंक कॉलसाठी शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात अवघडून बसावे, एवढेच आम्हांस ठाऊक. तथापि आमच्या पुतण्याने २०२३ साली स्टुटगार्ट येथे बिऱ्हाड केले, तेव्हा जे जे चुकले ते आम्ही रामबागेतून जवळून पाहिले. तेच येथे सांगतो.

पहिली चूक तिसऱ्याच दिवशी झाली. उभयता बाजारात गेली, एका झगझगीत दुकानात शिरली, आणि दोन मोबाइल व घरचे इंटरनेट अशा एकत्रित योजनेवर सही करून बाहेर पडली. मुदत चोवीस महिने! राहते घर मात्र तीनच महिन्यांच्या बोलीचे. जर्मनीत कागदावरच्या सहीस फार मान आहे. घरबसल्या, इंटरनेटवरून वा फोनवरून करार केला, तर चौदा दिवसांच्या आत तो कारण न देता मागे घेता येतो. दुकानात जाऊन केलेल्या करारास ही सवलत नाही. दुकानदार समोर हसून बोलतो, म्हणून आपणांस तेथेच अधिक विश्वास वाटतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

तीन महिन्यांनी दुसरे घर मिळाले. तेथे त्या कंपनीची तारच पोचत नव्हती. अशा वेळी एक महिन्याची सूचना देऊन करारातून सुटण्याचा हक्क डिसेंबर २०२१ पासून अमलात असलेल्या कायद्याने दिला आहे. पुतण्यास हे ठाऊक नव्हते. चार महिने त्याने न वापरलेल्या इंटरनेटचे पैसे भरले, आणि मग कचेरीतल्या एका सहकाऱ्याने त्यास शहाणे केले. मोबाइलचा करार मात्र चोवीस महिने पुरे होईपर्यंत गळ्यात राहिला. त्याच कायद्यान्वये पहिली मुदत संपल्यावर कोणताही करार महिन्याच्या सूचनेने संपविता येतो. पूर्वीसारखा तो आपोआप वर्षभर वाढत नाही. शिवाय बारा महिन्यांचा पर्यायही कंपनीने दाखवावाच लागतो. विचारल्याखेरीज तो पुढे केला जात नाही, हे वेगळे सांगावयास नको.

तेव्हा आरंभी प्रीपेड सिम घ्यावे. आल्डी, लिडल अशा किराणा दुकानांतही ते मिळते, आणि ते मोठ्या कंपन्यांच्याच जाळ्यावर चालते. पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते. जुलै २०१७ पासून तसा नियम आहे. पैसे चार-चार आठवड्यांचे भरावयाचे, नको झाले की थांबावयाचे. हेच सिम व्हिएन्ना-पॅरिसलाही जादा भाड्याविना चालते. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, हे मात्र विसरू नये. सहलीस निघालेल्या आपल्या मंडळींना बिल आल्यावरच त्याची आठवण होते.

घरच्या इंटरनेटची निवड जाहिरात पाहून करू नये, भिंत पाहून करावी. टेलिफोनची जुनी तांब्याची तार आहे, टीव्हीची केबल आहे, की नवी काचतंतूची फायबर आली आहे, हे घरमालकास विचारावे. त्याच इमारतीतल्या शेजाऱ्याकडे रात्री नऊला वेग कसा असतो, याचीही चौकशी करावी. जाहिरातीतल्या आकड्याआधी ‘पर्यंत’ हा शब्द असतो. सारी गोम तेथेच. वेग सातत्याने फार कमी पडत असेल, तर तेथील नियामक संस्थेच्या साधनाने तो मोजून बिलात कपात मागता येते.

तंत्रज्ञाची कथा तर ऐकण्याजोगी आहे. नव्या घरी तो ठरल्या दिवशी आला आणि परत गेला, कारण खालच्या घंटेवर जुन्या भाडेकरूचेच आडनाव होते! तिकडे फ्लॅटला क्रमांक नसतो. घंटा आणि पत्रपेटी यांवरील आडनाव हाच पत्ता. पुढली तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. ठरलेल्या वेळी तंत्रज्ञ आलाच नाही, तर ग्राहकास दहा युरो किंवा मासिक शुल्काचा पाचवा हिस्सा, यांपैकी जे अधिक असेल ते मिळते. येथे तो आला होता, म्हणून तेही नाही.

हे सारे पैशांचे नुकसान, सोसवले. खरी आच लागली ती त्याच वर्षी नवरात्रात. वहिनी न्हाणीघरात घसरल्या आणि मांडीचे हाड मोडले. रुग्णालयाने शस्त्रक्रियेपूर्वी अनामत मागितली. पुतण्याची शिल्लक इंदूरच्या बँकेत होती. पैसे पाठविण्यास तो तत्काळ बसला, परंतु बँकेचा ओटीपी जाई त्याच्या इंदूरच्या क्रमांकावर, आणि तो क्रमांक रिचार्जअभावी केव्हाच बंद पडला होता. “व्हॉट्सॲप असताना जुना नंबर कशाला, काका?” असे तोच मला उन्हाळ्यात म्हणाला होता. त्या रात्री मी आणि शेजारच्या दोन घरांनी मिळून रक्कम उभी केली. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. पण फोनवरचा त्याचा आवाज मी विसरलेलो नाही. खात्याचा क्रमांक बदलण्यासाठी बँकेने त्याला शाखेत प्रत्यक्ष बोलावले. ते काम डिसेंबरात तो आला तेव्हा झाले.

म्हणून ग्वाल्हेरच्या भगिनींना माझे सांगणे असे, की जर्मनीच्या सिमची चिंता विमानातून उतरल्यावर करावी. भारतातल्या सिमची निघण्यापूर्वी. त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग येथूनच सुरू करून घ्यावे. ते चालू असले की तिकडे येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. आलेला फोन उचलला तर पडतात. इंटरनेटचा महागडा पॅक घेण्याचीही गरज उरलेली नाही. केवळ बोलणे व एसएमएस यांचे वेगळे पॅक द्यावेत, असा नियम ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केला. वर्षभराच्या मुदतीचे असे पॅक मिळतात. रिचार्जची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

पुतण्याचे नवे इंदुरी सिम आता एका जुन्या हँडसेटमध्ये स्टुटगार्टच्या स्वयंपाकघरात असते. वहिनी काठी टेकत का होईना, हिंडू-फिरू लागल्या आहेत. महिन्यातून एकदा त्या मुद्दाम त्याच क्रमांकावर फोन लावतात. तो उचलायचा नाही, असे ठरलेले आहे. पलीकडे घंटा वाजली, की त्या फोन ठेवून देतात आणि मग व्हॉट्सॲपवर नातवाशी बोलावयास बसतात.