कासवासाठी कापलेल्या जाळ्याचा पंचनामा कुठे व्हावा?

रानडुकरांनी उभे भात लोळवले, तर तुम्ही वनखात्याला कळवता. माणसे बांधावर येतात, पंचनामा होतो, पैसे उशिरा का होईना मिळतात. आता उत्तनच्या नाखव्याचे पाहा. त्याच्या जाळ्यात कासव सापडले, तर भर समुद्रात पंचनाम्याला कोण जाणार?

मीरा-भाईंदरच्या किनाऱ्यावर उत्तन, पाली, चौक ही जुनी मच्छीमार गावे. कासव धरायला तिथून कोणी जात नाही. पापलेट-सुरमईच्या जाळ्यात ते आपसूक अडकते. वल्ह्यासारख्या पायांना धागा गुंडाळला, की सुटका नाही. त्याला मासळीसारखे कल्ले नसतात, श्वासाला वर यावेच लागते. ट्रॉलरचे जाळे तासन्‌तास ओढले जाते, त्यात ते चक्क बुडून मरते!

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने समुद्री कासवाला पूर्ण संरक्षण आहे. पण नुसता धाक दाखवला, तर खलाशी मुकाट्याने कासव पाण्यात लोटून मोकळा होणार. त्यापेक्षा शहाणपण राज्य सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये दाखवले. संरक्षित प्राणी सोडवायला जाळे कापले, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. मोबाईलवर काढलेला फोटो हाच पुरावा. योजना चांगली, पण जाळे कापले की त्या फेरीची मासळीही जाते, हेही हिशेबात धरा. निदान अर्जासाठी तरी नाखव्याला हेलपाटे नकोत. अर्ज मच्छीमार सोसायटीतच भरून घ्यावा, पंचनामा बंदरावरच व्हावा. उत्तनला महापालिका आहे. अर्नाळा, सातपाटीकडे सरपंच-ग्रामसेवकांनी पुढाकार घ्यायला काय हरकत आहे?

ट्रॉलरचे दुखणे वेगळे. तिथे जाळ्यात सळ्यांची चौकट बसवावी लागते. कोळंबी सळ्यांमधून मागे जाते, कासव चौकटीला अडून वरच्या झडपेतून निसटते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने अशी चौकट आपल्याकडच्या जाळ्यांसाठी केली. थोडी मासळीही निसटते, ही ट्रॉलरवाल्यांची तक्रार खोटी नाही. पण चौकटी नाहीत म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी घेणे बंद केले, तो तोटा कितीतरी मोठा. चौकट सरकारने फुकट द्यावी आणि मग खुशाल सक्ती करावी.

आणि नाखवा मंडळी, निपचित कासव मेले समजून लगेच फेकू नका. पोटावर ठेवा, मागची बाजू जरा उंच करा, सावलीत ओले फडके घाला. काही तासांनी ते हालचाल करू लागते. जखमी असेल तर वनखात्याला कळवा. डहाणूला कासवांवर उपचार होतात.